चोर, संन्यासी आणि संदेश

पूर्वी गावात काही कळवावयाचे असले म्हणजे कोतवाल दवंडी पिटीत निघे. चार चौकांत उभा राहून तो आपला निरोप खणखणीत आवाजात सांगे. ज्यांचा संबंध असे ते कान देत, ज्यांचा नसे ते आपल्या कामाला लागत. या दवंडीची कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण साधे होते. कोतवाल कोण, त्याला धाडले कोणी आणि निरोप खोटा निघाला तर जाब कोणाला विचारावयाचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

आता दवंडी चौकातून उठली आणि थेट आपल्या खिशात येऊन बसली. ती पिटणारा कोण आणि कोठला, हे मात्र कळेनासे झाले. सकाळी चहाचा कप हाती घ्यावा तो मोबाइल गुरगुरतो. कोणी न मागता पाच लाखांचे कर्ज मंजूर केलेले असते, कोणी नागपूरच्या रिंगरोडला आपल्यासाठी भूखंड राखून ठेवलेला असतो, तर कोणा अनामिकाला आपल्या गुडघेदुखीची आपल्याहून अधिक काळजी लागलेली असते. एवढ्यावर भागते तर हसून सोडून देता आले असते. पण २०२२ साली, मागचे वीजबिल भरले नाही म्हणून आज रात्री आपला पुरवठा तोडण्यात येईल, अमुक क्रमांकावर ताबडतोब फोन करा, अशा धर्तीचे संदेश घरोघर येऊ लागले आणि घाबरून फोन करणाऱ्या कित्येकांची बँकेतली पुंजी पार झाली. आमचे संदेश ‘एमएसईडीसीएल’ या नावानिशी येतात, कोणाच्या खाजगी दहा आकडी क्रमांकावरून येत नाहीत, असे महावितरणला जाहीरपणे सांगावे लागले.

तेव्हा अशा आगंतुकांना वेसण घालणारे नियम हवेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ही वेसण प्रत्यक्षात कोणाच्या नाकात जाऊन पडते?

आपल्याकडे या बाबतीतले नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला सारे ‘ट्राय’ म्हणून ओळखतात, ते करते. ज्यांना जाहिराती नकोत त्यांनी आपला क्रमांक नोंदवावा, अशी व्यवस्था २००७ सालच्या नियमांनी आणली. ती अपुरी पडली. मग २७ सप्टेंबर २०११ पासून असे फर्मान सुटले की, एका सिमकार्डावरून दिवसाला शंभरांहून अधिक एसएमएस पाठवता येणार नाहीत. गंमत पाहा, थोड्याच दिवसांत काही मंडळींना या मर्यादेतून सूट मिळाली. ही मंडळी कोण? मोबाइल कंपन्यांचे विक्रेते, इंटरनेटवर तिकिटे विकणाऱ्या संस्था आणि फेसबुक, ट्विटर यांसारखी संकेतस्थळे! नोव्हेंबरात मर्यादा दोनशेवर गेली, आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खाजगी, बिनव्यापारी संदेशांपुरती ती रद्द केली. थोरांसाठी दार थोड्याच दिवसांत उघडले. सामान्यांचे दार उघडायला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

सध्याच्या व्यवस्थेचा पाया १९ जुलै २०१८ च्या नियमावलीने घातला. तिची रीत अशी: व्यापारी संदेश पाठवू इच्छिणाऱ्याने मोबाइल कंपनीकडे आपली नोंदणी करावी. ज्या नावाने संदेश जाणार ते नावही नोंदवावे. इतकेच नव्हे, तर संदेशाचा मसुदासुद्धा आगाऊ मंजूर करून घ्यावा. ग्राहकाचे नाव, रक्कम, तारीख अशा बदलत्या गोष्टींसाठी मसुद्यात मोकळ्या जागा सोडावयाच्या. बाकीचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा राहिला पाहिजे. संदेश निघाला की यंत्र तो मंजूर मसुद्याशी ताडून पाहते. जुळला तर पुढे जातो, न जुळला तर तेथेच संपतो.

ही ताडणी ८ मार्च २०२१ रोजी सक्तीने सुरू झाली आणि देशभर गोंधळ उडाला. बँकांचे ओटीपी पोहोचेनात. वृद्धांचे कोविड लसीकरण त्याच महिन्यात सुरू झाले होते; त्याच्या नोंदणीतही अडथळे आले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही ताडणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. ज्या बँकांच्या पदरी वकिलांची आणि संगणकतज्ज्ञांची फौज असते, त्यांनाही मसुदे वेळेत नोंदवणे साधले नव्हते. मग खेड्यातल्या एकट्या माणसाची काय कथा?

अशा एका माणसाची हकीकत मला जवळून ठाऊक आहे. आमची चामोर्शी वैनगंगेच्या खोऱ्यातली. बाहेरची मंडळी तिला मार्कंड्याच्या प्राचीन देवळावरून ओळखतात. आम्ही इथले लोक मात्र तिला धानावरून ओळखतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करीत करीत जे एचएमटी वाण सिद्ध केले, आणि ज्याला चक्क मनगटी घड्याळाचे नाव मिळाले, त्याचा तांदूळ आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या ताटात असेल. माझा एक जुना विद्यार्थी हे धान पिकवतो, गिरणीतून भरडून आणतो आणि नागपूर, अमरावती, पुणे येथल्या सुमारे तीनशे घरांना थेट पोहोचवतो. मध्ये दलाल नाही. त्याच्याजवळ एक लाल बासनातली वही आहे. तिच्यात प्रत्येक घराचे नाव, क्रमांक, किती किलो लागतात आणि मोड झालेला चालतो की नाही, हे सारे लिहिलेले आहे. ‘नवा तांदूळ निघाला की कळव,’ असे या प्रत्येक घराने त्याला तोंडाने सांगितलेले आहे. वर्षातून एकदा कळवावयाचे, एवढाच त्याचा जाहिरातीचा व्याप.

आता हे कळवावयाचे कसे? स्वतःच्या मोबाइलवरून पाठवावे तर भीती. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीनंतर, नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाईला सुरुवात होते. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. तीनशे घरांत पाच विसराळू माणसे निघणे मुळीच अवघड नाही. कोणी सून नवी असते, कोणाचा क्रमांक मुलाकडे गेलेला असतो. ‘हा कोण तांदूळवाला?’ म्हणून बोट दाबले की झाले.

म्हणून तो सरळ मार्गाने नोंदणीला गेला. अर्ज इंग्रजीत होता. पॅन कार्ड होते, पण व्यवसायाचा दाखला मागितला तेव्हा त्याच्याजवळ निघाला तो सातबारा. दुकान नाही, पाटी नाही, जीएसटी क्रमांक नाही. कागदांची जुळवाजुळव झाली तेव्हा मसुदा परत आला, का परत आला हे एका इंग्रजी ओळीत सांगून. अखेर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही मराठीचे. हे सत्तर अक्षरांत बसवून द्या जी.”

सत्तरच का, असे मी विचारले आणि मला एक नवीच गोष्ट कळली. इंग्रजी लिपीतला एसएमएस एकशेसाठ अक्षरांचा असतो, देवनागरीतला सत्तरांचा. त्यापुढे गेला की तो दोन संदेशांत मोडतो आणि पैसेही दोहोंचे पडतात. शिवाय आपण ज्याला एक अक्षर समजतो त्याचे यंत्र तुकडे करून मोजते. काना निराळा, मात्रा निराळी, अनुस्वार निराळा, पाय मोडल्याची खूणही निराळी. ‘चामोर्शी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो आठांचा. ‘नमस्कार’ सात खातो.

मी मसुदा केला: ‘नवा एचएमटी तांदूळ आला. हवा असल्यास कळवा.’ मधल्या मोकळ्या जागा धरून चाळीस. दिवाळी तोंडावर होती, म्हणून ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ घालावे असे त्याचे म्हणणे पडले. त्या शुभेच्छांचे सत्तावीस. मधली एक मोकळी जागा धरून झाले अडुसष्ट. उरले दोन. आता तांदूळ कोणाचा आणि कोठला, हे दोन खुणांत कोणी सांगून दाखवावे! गाव घालावे तर शुभेच्छा जातात, शुभेच्छा ठेवाव्या तर गाव जाते. सणाच्या दिवशी निरोप धाडताना रामराम आधी करावा, ही आपली रीत. तिचे मोल तीनशे घरांना दुप्पट पैसे. आम्ही शुभेच्छा काढल्या.

बरे, एवढे करूनही वहीतली तोंडी संमती जमेस धरली जात नाही. ज्या ग्राहकाने सरसकट सगळ्या जाहिराती बंद करून ठेवल्या आहेत, त्याला तांदळाचा निरोप जात नाही. मग त्यानेच तो मागितलेला का असेना. नियमाला संमती हवी ती त्याच्या पद्धतीने नोंदलेली. नात्यातून गृहीत धरावयाच्या संमतीचा उल्लेख आपल्या नियमावलीत आहे, नाही असे नाही. पण ती झालेल्या व्यवहारापुरती. गेल्या वर्षीच्या पोत्याची पावती कळवता येते. यंदाचे पोते आले असे कळवले की ती जाहिरात झाली.

या साऱ्यात पौष उजाडला. हाती पैसा हवा होता म्हणून निम्मे धान त्याने व्यापाऱ्याला घातले, त्याच्या भावाने. माघात पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. “यंदा कळवलं नाहीत, आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलंत. दुकानातून घेतला बाई.” हे सांगताना त्याचा आवाज तुटीबद्दल बोलताना नसेल इतका उतरला होता. पैशाची तूट पुढल्या हंगामात भरून निघेल. आपण गिऱ्हाइकाला विसरलो असे गिऱ्हाइकाला वाटले, हे त्याला लागले होते.

आता दुसऱ्या बाजूला चोर काय करीत होता ते पाहू. चोर नोंदणीला जात नाही, कारण त्याला तिची गरजच नाही. तो साधी सिमकार्डे घेतो आणि एक बंद पडले की दुसरे काढतो. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा नोंदणी नसलेल्या प्रेषकांविरुद्ध ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये ट्रायने कडक आदेश काढला आणि सप्टेंबरच्या आरंभापर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक क्रमांक तोडले गेले. हे काम चांगले झाले, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण कोठे उशीर झाला तेही त्यातून दिसते. सज्जनांनी मसुदे नोंदवण्यात वर्षे घालवली, तोवर दुर्जन मोकळ्या वाटेने जात होता. इतकेच नव्हे, तर प्रामाणिक संस्थांनी रीतसर नोंदवलेली नावे आणि मसुदे हे ठक वापरू लागले, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व नोंदींची फेरतपासणी करण्याचा हुकूम काढावा लागला. आपल्यात म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला सुळी. येथे तर चोराने संन्याशाची कफनीच पळवली!

ई-मेलचा प्रकार आणखी न्यारा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ मध्ये त्रासदायक आणि प्रेषकाबद्दल फसवणूक करणाऱ्या ई-मेलसाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. परंतु त्या कलमाचे शब्द इतके सैल होते की, त्याचा वापर भलत्याच ठिकाणी झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, देशभर खळबळ उडाली आणि अखेर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. योग्यच झाले. मात्र तेव्हापासून नको असलेल्या ई-मेलपुरता स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ती जागा कोणी घेतली? कंपन्यांनी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्या जीमेलसाठी नियम कडक केले. पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने पटवावी, दिवसाला पाच हजारांवर टपाल धाडणाऱ्याने एका टिचकीत बंद होण्याची सोय द्यावी, आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी हजारी तीनच्या खाली ठेवाव्यात. नियम वाजवी आहेत. पण त्यांच्या कचाट्यात सापडलेल्या लहान व्यापाऱ्याने दाद मागावी कोठे? तेथे ना तहसीलदार, ना न्यायालय. टपाल पोहोचले नाही, हेही त्याला कित्येकदा कळत नाही.

बाहेरच्या देशांनी हा पेच कसा सोडवला? अमेरिकेचा कायदा १ जानेवारी २००४ पासून अमलात आहे. तो आधी संमती मागत नाही. मात्र पाठवणाऱ्याने आपला खरा टपालाचा पत्ता द्यावा आणि ‘नको’ म्हटल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत थांबावे, असे तो सांगतो. कॅनडाचा १ जुलै २०१४ पासून अमलात आलेला कायदा याहून कडक. त्याला संमती आधी हवी. पण त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. ग्राहकाने काही विकत घेतले असेल तर त्यापुढची दोन वर्षे त्या व्यवहाराचे नाते हीच संमती समजली जाते. म्हणजे आमच्या मित्राची लाल वही कॅनडात चालली असती. ती चामोर्शीत चालली नाही.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही एका भल्या माणसापायी सगळ्या फाटकांची कुलपे काढायला निघालात. तसे मुळीच नाही. केवळ माल चांगला आहे आणि विकणारा खरा आहे एवढ्यावर कोणाच्या घरात शिरण्याचा हक्क मिळत नाही, हे मला मान्य आहे. जगातला पहिला असा आगंतुक ई-मेल म्हणून जो सांगितला जातो, तो मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना धाडला होता. कंपनी खरी होती, संगणकही खरे होते. तरी लोक चिडले, कारण कोणी त्याला बोलावले नव्हते. आमच्याकडे जेवणाच्या बोलावण्याला आवतन म्हणतात. आवतन असले की पाहुणा, नसले की आगंतुक. त्याने अंगावर काय घातले आहे याने फरक पडत नाही. नियमाचा आत्मा हाच असावयास हवा. सध्याचे नियम आवतन आहे की नाही हे विचारण्यापेक्षा पाहुण्याचे कागद अधिक तपासतात, ही माझी तक्रार आहे. कागद तर मोठ्या कंपन्यांजवळ हवे तितके असतात, म्हणून त्यांच्या रीतसर नोंदलेल्या जाहिराती आपल्याकडे बिनदिक्कत येतात आणि बोलावलेला तांदूळवाला दाराबाहेर राहतो.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. वर्षाकाठी काही शेकडा संदेश आपल्याच गिऱ्हाइकांना धाडणाऱ्या शेतकऱ्याला, बचतगटाला, शिंपिणीला किंवा लहान वाचनालयाला साधी, बिनखर्चाची नोंदणी असावी. ती तालुक्याच्या सेवा केंद्रात, मराठी अर्जावर व्हावी. अर्ज किंवा मसुदा नाकारला तर कारण मराठीत आणि समजेल असे द्यावे. झालेल्या खरेदीचे नाते काही मुदतीपुरते संमती म्हणून धरावे, आणि ग्राहकाने एकदा ‘नको’ म्हटले की ते तत्काळ संपावे. देवनागरीतला संदेश सत्तर खुणांपुढे गेला तरी त्याला इंग्रजीच्या एकशेसाठ अक्षरांइतकाच दर लावावा. आपल्या भाषेत बोलणाऱ्याने दुप्पट दाम मोजावे, हा कोणता न्याय?

सरकारचे काम सरकार करील तेव्हा करील. तोवर एक काम वाचकांच्या हाती आहे, आणि ते अक्षरशः एका बोटाचे आहे. आपण ‘स्पॅम’ म्हणून जे बटण सहज दाबतो, तो एक निवाडा असतो. पाच घरांतली पाच बोटे खेड्यातल्या एखाद्याचा फोन अडचणीत आणू शकतात. म्हणून दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे. हा माणूस आपण बोलावलेला होता का? बोलावलेला असून आता नको असेल, तर ‘नको’ असे कळवावे किंवा अनसबस्क्राइब करावे, म्हणजे तो गुपचूप आपले नाव वहीतून खोडील. पण अनोळखी क्रमांकावरून वीज तोडण्याची, खाते गोठवण्याची धमकी आली, तर मात्र दयामाया नको. तक्रार १९०९ वर नोंदवावी, आणि पैसे गेलेच असतील तर तासाचाही विलंब न लावता १९३० वर फोन करावा.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात, नाटके सुरू होतात. गाडीवर कर्णा बांधून गावोगाव पुकारा होतो, आणि ज्या घरी नाटक त्या घरी सोयरेधायरे आवतनाने जमतात. त्याच सुमारास खळ्यांवर नवे धान येते. माझ्या त्या विद्यार्थ्याने यंदा मसुदा श्रावणातच मंजूर करून घेतला आहे. चाळीस खुणांचा निरोप आणि पुढे गावाचे नाव, एवढाच. तो आपल्यापैकी कोणाच्या मोबाइलवर आला आणि त्यात शुभेच्छा दिसल्या नाहीत, तर त्या त्याच्या मनात होत्या असे खुशाल समजावे.